गेमचा सोर्स कोड दिसतो, पण तो ओपन सोर्स आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेम-जॅममध्ये (ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवण्याच्या उपक्रमात) पहिला गेम करणारे विद्यार्थी, जुने गेम मराठीत आणू पाहणारे भाषांतरकार, स्वतःचा छोटा स्टुडिओ काढलेले मित्र, सगळे फिरून एकाच प्रश्नावर येतात: कोड तर डाउनलोड करता येतो, मग लायसन्सचा एवढा काथ्याकूट कशाला? काथ्याकूट अशासाठी, की गैरसमजावर लोक वर्ष-दोन वर्षांचं काम उभं करतात आणि गेम बाजारात आणायच्या वेळी कळतं की तो हक्क आपल्याकडे कधी नव्हताच. ही उत्तरं वकिली सल्ला नव्हेत. पैसे गुंतले असतील तर लायसन्स वकिलाला दाखवाच.

थोडक्यात सांगा. वापरावर निर्बंध घालणारं लायसन्स ओपन सोर्स म्हणायचं का?

नाही. "धंद्यासाठी वापरू नका", "आमच्याशी स्पर्धा करणारं इंजिन (गेम ज्यावर उभा राहतो तो पायाभूत कोड) बनवू नका", "फक्त शिकण्यासाठी बघा" अशी अट आली की ते ओपन सोर्स राहत नाही. अशा कोडला सोर्स-अव्हेलेबल म्हणतात, म्हणजे सोर्स बघायला मिळतो, पुढचं मालकाच्या मर्जीवर. असं लायसन्स वाईटच असतं असं नाही. कितीतरी चांगल्या लोकांनी चांगल्या मनाने असा कोड खुला केला आहे. पण त्याला त्याच्याच नावाने ओळखावं, कारण ओपन सोर्स हे नाव वाचून लोक काही हक्क गृहीत धरतात: कोड कशासाठीही वापरायचा, बदलायचा आणि पुढे वाटायचा.

हे ठरवणार कोण? त्या नावावर कुणाची मक्तेदारी आहे का?

मक्तेदारी नाही. १९९८ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन झाली आणि तिने दहा कलमांची व्याख्या मांडली. ती व्याख्या त्याच्या आदल्या वर्षी डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या वितरणाच्या मंडळींनी स्वतःसाठी केलेल्या नियमांवरून घेतलेली आहे. संस्थेला या शब्दांचा ट्रेडमार्क काही मिळाला नाही. त्यामुळे उद्या कुणी बंदिस्त लायसन्सवर ओपन सोर्स असं लिहिलं तर ट्रेडमार्कच्या जोरावर त्याला रोखता येणार नाही. तरीही गेली पंचवीसहून अधिक वर्षं लिनक्सची वितरणं, कंपन्यांचे कायदेविभाग आणि सरकारी खाती याच व्याख्येच्या आधारे निर्णय घेत आली आहेत. भारत सरकारचं २०१५ चं ओपन सोर्स धोरणही सोर्स अभ्यासणं, बदलणं आणि पुढे वाटणं हे हक्क धरूनच चालतं.

दहा कलमांपैकी गेमच्या लायसन्सला आडवी कुठली येतात?

बहुतेक वेळा सहावं. कोणत्याही कामासाठी सॉफ्टवेअर वापरायला मनाई करता येणार नाही, असं ते सांगतं, आणि उदाहरण म्हणून व्यवसायातला वापर आणि जनुकीय संशोधन यांची नावंच घेतं. म्हणजे "विनाव्यावसायिक वापरापुरतं" ही अट तिथेच बाद. तिच्याखालोखाल पहिलं आणि तिसरं येतं: प्रती पुढे देता आल्या पाहिजेत आणि बदललेली आवृत्तीही त्याच अटींवर वाटता आली पाहिजे. कधीकधी आठवंही आडवं येतं, म्हणजे हक्क एखाद्याच उत्पादनाला बांधलेले नकोत. "हा कोड फक्त आमच्या गेमचे मॉड (खेळाडूंनी केलेले फेरबदल) करायला वापरा" हे त्या कलमात अडकतं.

गेमसाठी लिहिलेलं लायसन्स या चाळणीतून पार होऊच शकत नाही असं मात्र कुणी समजू नये. नेटहॅक या जुन्या गेमचं स्वतःचं लायसन्स आहे आणि त्याला संस्थेची रीतसर मान्यता आहे.

डूम हा जुना नेमबाजीचा गेम तर ओपन सोर्स आहे ना? मग १९९७ आणि १९९९ अशी दोन सालं का सांगतात?

कारण मधली दोन वर्षं तो ओपन सोर्स नव्हता, आणि हा सगळा विषय समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

डिसेंबर १९९७ मध्ये इड सॉफ्टवेअरच्या जॉन कारमॅकने डूमचा सोर्स जगापुढे ठेवला. त्या काळात चालत्या व्यवसायातल्या कंपनीने असं करणं म्हणजे मोठंच औदार्य. पण लायसन्स होतं शिक्षणापुरतं, नफा न मिळवण्याच्या अटीवरचं. कोड वाचा, खेळा, शिका. त्यावर धंदा नको. शिवाय बदल करणाऱ्याने आपला बदललेला सोर्स पुढे द्यावा असं बंधन त्यात नव्हतं. परिणाम असा की काहींनी उत्तम पोर्ट (गेम दुसऱ्या यंत्रणांवर चालवणाऱ्या आवृत्त्या) केले आणि त्यांचा सोर्स स्वतःजवळच ठेवला. जीएलडूम नावाच्या पोर्टचा सोर्स हार्ड डिस्क बिघडल्याने कित्येक वर्षं बेपत्ता होता. लोकांनी घाम गाळून केलेली सुधारणा एका डिस्कबरोबर गेली.

१९९९ मध्ये तोच कोड जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली पुन्हा प्रकाशित झाला, ज्यात बदललेली आवृत्ती वाटली तर तिचा सोर्सही द्यावा लागतो. अक्षरन् अक्षर जवळपास तेच, बदलले ते हक्क. त्यानंतर पोर्टवर पोर्ट, त्यातून आणखी पोर्ट अशी जी साखळी सुरू झाली ती आजही तुटलेली नाही, आणि आता कुणा एकाची डिस्क गेली म्हणून ती तुटणारही नाही. त्याच वर्षाच्या शेवटी क्वेक, २००१ मध्ये क्वेक २, २००५ मध्ये क्वेक ३ आणि २०११ मध्ये डूम ३ यांचे सोर्स जीपीएलखाली आले.

आणखी एक बारकावा बघण्यासारखा आहे. १९९७ मध्ये दिलेला कोड मूळ डॉस (त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम) आवृत्तीचा नव्हता, लिनक्स आवृत्तीचा होता. डॉसवर आवाजासाठी दुसऱ्याची विकत घेतलेली लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरली होती आणि ती वाटायचा हक्क इडकडे नव्हता. स्वतःचा गेम, स्वतःची इच्छा, तरी उसन्या लायब्ररीपायी हात बांधलेले. आज जे लोक मार्केटप्लेसवरून प्लगइन उचलून गेममध्ये घालतात त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतो. एवढं पुरेसं नाही का?

नाही. लायसन्सची फाइलच नसेल तर सगळे हक्क लेखकाकडेच राखीव असतात. गिटहबच्या अटींमुळे तुम्हाला तो कोड तिथे बघता येतो आणि तिथल्या तिथे फोर्क (स्वतःची वेगळी प्रत) करता येतो, बस. ग्रंथालयात पुस्तक चाळायला मिळालं म्हणून त्याची आवृत्ती काढायचा हक्क मिळत नाही, तसंच हे.

व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही या गेमचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२० मध्ये, गेमला दहा वर्षं झाली तेव्हा, त्याचा सोर्स प्रकाशित झाला. कोड अगदी मोकळेपणाने समोर ठेवला आहे, शिकणाऱ्याला त्यात भरपूर मिळतं. पण लायसन्स गेमसाठी खास लिहिलेलं आहे आणि व्यावसायिक वापराला परवानगी देत नाही. म्हणून सोर्स-अव्हेलेबल. बातम्यांमध्ये मात्र कित्येकांनी "ओपन सोर्स झाला" असंच छापलं.

अनरियल, युनिटी, गोडो, डीफोल्ड: या गेम-इंजिनांपैकी ओपन सोर्स कोण?

चौघांपैकी फक्त गोडो. त्याचं लायसन्स एमआयटी आहे: लेखकांची नोंद आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा, बाकी काय हवं ते करा.

अनरियलचा संपूर्ण सी++ सोर्स २०१४ पासून मिळतो, पण त्यासाठी खातं जोडून करार मान्य करावा लागतो. इंजिनचा सोर्स ज्यांनी तो करार मान्य केलाय त्यांनाच देता येतो, गेमचं उत्पन्न १० लाख डॉलरच्या पुढे गेलं की रॉयल्टी लागू होते, आणि जीपीएलसारख्या लायसन्सखालचा कोड त्यात मिसळायला मनाई आहे. करार म्हणून तो बराच स्पष्ट आहे. ओपन सोर्स असल्याचा दावाही तो करत नाही.

युनिटीने २०१८ मध्ये आपल्या सी-शार्प भागाचा सोर्स दाखवला, तो निव्वळ संदर्भासाठी. सप्टेंबर २०२३ मध्ये याच कंपनीने दर इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं, जगभरचे डेव्हलपर खवळले आणि वर्षभराने ते शुल्क मागे घेतलं गेलं. त्या वर्षभरात ज्यांचे अर्धेमुर्धे गेम अडकून पडले होते त्यांची झोप उडाली होती. लायसन्सची बाब ही फक्त तत्त्वाची नाही हे तेव्हा अनेकांना कळलं. एमआयटीखाली तुमच्या हातात आलेल्या गोडोच्या प्रतीवर उद्या कुणीही असं शुल्क बसवू शकत नाही.

डीफोल्डची गोष्ट या प्रश्नाच्या सर्वांत जवळची. २०२० मध्ये त्याचा सोर्स खुला झाला तो अपाची या ओपन सोर्स लायसन्सवर बेतलेल्या स्वतःच्या लायसन्सखाली. फरक मुख्यतः एकच: इंजिन किंवा त्याची बदललेली आवृत्ती गेम-इंजिन म्हणून विकायची नाही. गेम करा, विका, एक पैसाही देऊ नका. गेम करणाऱ्याला या अटीचा काहीच काच नाही, मला स्वतःला ते इंजिन आवडतं. तरीही ती अट सहाव्या कलमाला छेद देते. सुरुवातीला त्याचा उल्लेख ओपन सोर्स असा झाला, त्यावर लोकांनी हरकत घेतली आणि पुढे प्रकल्पाने तो शब्द वापरणं सोडलं. असं व्हायला हवं. इंजिन काही त्यामुळे कमी दर्जाचं ठरलं नाही.

"धंद्यासाठी नको" ही अट तर साधीसुधी वाटते. तिने कुणाचं काय बिघडतं?

मेम या प्रकल्पाला विचारा. आर्केडमधली जुनी मशिनं साध्या संगणकावर चालवणारा हा एम्युलेटर फेब्रुवारी १९९७ पासून आहे. त्याच्या लायसन्समध्ये अट होती: विकायचं नाही, कोणत्याही व्यावसायिक उत्पादनात किंवा उपक्रमात वापरायचं नाही. हेतू रास्त होता, चोरीचे गेम भरून मशिनं विकणाऱ्यांना आळा बसावा.

पण तिकीट लावणारं संग्रहालय व्यावसायिक उपक्रम झाला का? ज्या कंपनीकडे जुन्या गेमचे खरे हक्क आहेत तिने तो मेमसह विकायचा ठरवला तर? अट तिलाही अडवते. डेबियनने असा कोड आपल्या मुख्य संग्रहात घेतला नाही, तो वेगळ्या नॉन-फ्री विभागात राहिला. आणि चोरटी मशिनं विकणारे? ज्यांना कॉपीराइटचीच भीती नव्हती ते लायसन्सला थोडेच भ्यायचे.

मार्च २०१६ मध्ये मेमने लायसन्स बदललं. आता पूर्ण प्रकल्प जीपीएलखाली आहे, आणि त्यातल्या बऱ्याचशा फाइल बीएसडी या एमआयटीसारख्या मोकळ्या लायसन्सखाली. त्यासाठी जवळजवळ दोन दशकांत ज्यांनी ज्यांनी कोड दिला त्यांना गाठून परवानगी घ्यावी लागली. कुणी ईमेल बदललेला, कुणी क्षेत्रच सोडलेलं. अँगबँड या गेमलाही अशीच विनाव्यावसायिक अट काढून जीपीएलवर यायला वर्षं लागली. पहिल्या दिवशी सहज लिहिलेली एक ओळ पुढे किती लोकांना कामाला लावते, ते या दोन प्रकल्पांकडे बघून कळतं.

जीपीएलपण अटी घालतंच की. मग ते कसं चालतं?

जीपीएल कोणी आणि कशासाठी वापरायचं यावर अट घालत नाही. बदललेली आवृत्ती इतरांना दिलीत तर त्यांनाही सोर्स आणि हेच हक्क द्या, एवढं ते मागतं. व्याख्या याला पूर्ण मुभा देते. बंदिस्त गेममध्ये जीपीएलचा कोड घालता येत नाही म्हणून काहीजण त्याला जाचक म्हणतात. जाचक वाटू शकतं, ओपन सोर्स मात्र ते निःसंशय आहे.

मग ओपन सोर्स गेम विकता येतो?

येतो आणि विकलाही जातो. माइंडस्ट्री जीपीएलखाली आहे, गिटहबवरून फुकट मिळतो आणि स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात पैसे देऊन लोक आनंदाने घेतात. शॅटर्ड पिक्सेल डन्जनची कथा तर अधिकच बोलकी आहे. मूळ पिक्सेल डन्जनच्या लेखकाने कोड जीपीएलखाली दिला, त्यावरून दुसऱ्याने ही आवृत्ती काढली, वर्षानुवर्षं वाढवली आणि आज ती अँड्रॉइडवर फुकट व स्टीमवर विकत मिळते. मूळ लायसन्समध्ये धंद्याला मनाई असती तर एवढी मेहनत त्या माणसाने घेतली असती का, याची मला शंका आहे.

अडचण आलीच तर ती दुकानाच्या अटींची येते. २०१० मध्ये ग्नू गो हा गेम ॲपलच्या ॲप स्टोअरवरून काढला गेला, कारण स्टोअरच्या अटी आणि जीपीएल यांचा मेळ बसत नव्हता.

कोड खुला, पण चित्रं आणि संगीत बंद. याला काय म्हणायचं?

इंजिन ओपन सोर्स, गेम नाही. डूमचा कोड जीपीएल असला तरी राक्षस, भिंती आणि आवाज ज्या फाइलमध्ये आहेत ती आजही इडचीच. म्हणून फ्रीडूम हा प्रकल्प निघाला, ज्यात लोकांनी सगळी चित्रं, आवाज आणि नकाशे नव्याने करून बीएसडीखाली दिले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये कमांड अँड कॉन्करच्या गेमचा कोड जीपीएलखाली दिला, तिथेही गेमची सामग्री वेगळीच राहिली.

हा मार्ग मला प्रामाणिक वाटतो. कोडवर अर्धवट निर्बंध घालण्यापेक्षा कोड पूर्ण खुला करावा आणि कलाकृती आपल्याकडे ठेवाव्यात. डेबियन अशा इंजिनांना कॉन्ट्रिब विभागात ठेवतं: स्वतः मोकळं, पण चालायला बंदिस्त वस्तू लागणारं.

गेम मराठीत आणायचा आहे. लायसन्सचा यात काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि मराठीसाठी तर फारच. भाषांतर करण्याचा हक्क कॉपीराइटच्या मालकाचा असतो. ओपन सोर्स गेममध्ये तो लायसन्सनेच सगळ्यांना मिळतो. सोर्स-अव्हेलेबल गेममध्ये तुमची मराठी आवृत्ती वाटता येईल की नाही, हे मालकाला विचारावं लागतं.

नुसते शब्द बदलून भागत नाही हे ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक आहे. "शक्ती" लिहिलं आणि पडद्यावर क-त सुटे पडून मध्ये हलन्त लोंबकळला, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली. गोडो ३ मध्ये देवनागरीची हीच दशा व्हायची. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये हार्फबझ ही लायब्ररी बसवून अक्षरजुळणीची यंत्रणाच नव्याने लिहिली गेली आणि जोडाक्षरं नीट दिसू लागली. इंजिन खुलं होतं, म्हणून ज्याला गरज होती आणि येत होतं त्याला ते दुरुस्त करण्याची मोकळीक होती. बंद इंजिनात आपण तक्रार नोंदवतो आणि वाट बघतो, आणि मराठीचा नंबर कधी लागतो ते आपल्याला माहीतच आहे.

फॉन्टच्या लायसन्समध्ये तर "स्वतंत्र विकू नका" असं असतं. तरी तो ओपन सोर्स कसा?

प्रश्न नेमका आहे. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. त्यात फॉन्ट एकटाच विकायला मनाई आहे, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर दिला तर विकता येतो. व्याख्येचं पहिलं कलम एवढंच मागतं, की संचाचा भाग म्हणून विकायला आडकाठी नसावी. त्यामुळे या लायसन्सला मान्यता आहे आणि तुमच्या विकाऊ गेममध्ये मुक्त हा फॉन्ट बिनदिक्कत वापरता येतो, लायसन्सचा मजकूर सोबत ठेवून.

भारतीय कायद्यात काही सवलत आहे का?

थोडी आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार कायदेशीर प्रत असलेल्याला बॅकअप घेता येतो, प्रोग्रॅम कसा चालतो याचा अभ्यास करता येतो, आणि स्वतःच्या विनाव्यावसायिक वापरापुरता बदलही करता येतो. म्हणजे घरी खेळायला केलेला बदल आणि सगळ्यांना वाटलेला बदल यांत मोठा फरक आहे. वाटण्याचा हक्क लायसन्समधूनच यावा लागतो. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम १७ नुसार नोकरी देणारी कंपनी असते. तो कोड तुम्ही परस्पर खुला करू शकत नाही.

आज ओपन सोर्स असलेला गेम उद्या बंद केला तर?

पुढच्या आवृत्त्या बंद करता येतात, दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. टक्स रेसर जीपीएलखाली होता, २००२ मध्ये त्याची बंदिस्त व्यावसायिक आवृत्ती आली. जुन्या कोडवरून लोकांनी फोर्क काढले आणि एक्स्ट्रीम टक्स रेसर हा त्यातला फोर्क पुढे चालत राहिला. सोर्स-अव्हेलेबल कोडच्या बाबतीत असं आश्वासन मिळेलच असं नाही. तिथे लायसन्स रद्द करण्याची तरतूद आहे का, हे आधी वाचा.

माझा गेम आहे. कोड द्यायचाय, पण कुणी जशाच्या तसा उचलून विकू नये असं वाटतं. काय करू?

ही भीती खरी आहे आणि तिला कमी लेखू नये. चार महिन्यांचं काम दुसऱ्याच्या नावाने दुकानात दिसलं की काय वाटतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

विनाव्यावसायिक अट घालण्याआधी तीन गोष्टींचा विचार करा. चित्रं, संगीत आणि संवाद स्वतःकडे ठेवा, कोड तेवढा जीपीएलखाली द्या. मग उचलणाऱ्याला गेम विकायला स्वतःची कला तयार करावी लागेल आणि गेम घेणाऱ्यांना बदललेला कोडही जीपीएलखाली द्यावा लागेल. दुसरं म्हणजे गेमचं नाव जपा. बदललेल्या आवृत्तीने वेगळं नाव घ्यावं अशी अट व्याख्येच्या चौथ्या कलमात बसते, आणि नाव ट्रेडमार्क म्हणून वेगळं नोंदवताही येतं. तिसरं, घाई नसेल तर थांबा. इडने प्रत्येक वेळी गेमचा विक्रीचा भर ओसरल्यावरच सोर्स दिला.

एवढं करूनही मन धजत नसेल तर सोर्स-अव्हेलेबल लायसन्स लावा, त्यात कमीपणा नाही. फक्त पानावर ओपन सोर्स असं लिहू नका. आणि कुठलंही लायसन्स निवडलंत तरी रीडमी फाइलमध्ये कोडच्या फोल्डरला कुठलं आणि चित्रांच्या फोल्डरला कुठलं, हे वेगवेगळं नोंदवा. बाहेरच्यांकडून पहिला बदल स्वीकारण्याआधीच हे करा, कारण त्यानंतर काहीही बदलायचं झालं तर त्यांनाही विचारावं लागेल.